हौद्यातला नगारा

माझ्या भाच्याने हप्त्यावर पिकअप घेतली. पहाटे बाजार समितीतला कांदा-बटाटा, दुपारी फर्निचर नाहीतर सिमेंटचे पत्रे, असे त्याचे भाडे चालते. गाडी घेऊन तीन महिने झाले नाहीत तोच तो एका रविवारी दारात उभा राहिला. "मामू, गाडीला सबवूफर बसवायचाय. चला ना सोबत."

गाण्याबजावण्यातले मला फारसे कळत नाही. पण त्याला बिल करताना कुणीतरी मोठे माणूस सोबत हवे होते. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. एका कोपऱ्यात सुतार प्लायवूड कापत होता, दुसऱ्या कोपऱ्यात वायरिंगवाला पोरगा बॅटरीच्या टर्मिनलवर वाकला होता. मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली, सीट पुढे ओढून मागची जागा विताने मोजली आणि एकच प्रश्न विचारला. "आत बसवायचा, का हौद्यात? आत बसवला तर तू ऐकशील. हौद्यात बसवला तर गाव ऐकेल."

भाचा लगेच म्हणाला, "आवाज छातीत लागला पाहिजे बस्स. आणि हौद्यात बसवला तर सीझनला भाडं पण मिळतं. लग्नं, वराती, जुलूस."

मालकाच्या प्रश्नातला 'हौदा' हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. पुढचे दोन तास सुताराची करवत चालू होती आणि मी त्या शब्दामागे बराच लांब गेलो. हा लेख त्या दोन तासांचा आहे.

हौदा, कर्णा, नौबत

ट्रकच्या मागच्या उघड्या भागाला आपण मराठीत हौदा म्हणतो. हत्तीच्या पाठीवरच्या आसनालाही हौदाच म्हणतो. अरबीत उंटावरच्या पालखीवजा आसनाला 'हौदज' म्हणतात. तिथून फारसी आणि उर्दूच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला, आधी हत्तीवर चढला आणि मग मालमोटारीवर. २००५ साली टाटांची 'एस' ही छोटी मालगाडी बाजारात आली, तेव्हा लोकांनी तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले. कुणी इतिहास वाचून ठेवले नव्हते, पण नाव अचूक पडले.

कारण हत्तीच्या पाठीवर फक्त राजा बसत नसे, नगाराही असे. 'नगारा' हा अरबी 'नक्कारा'चा मराठी अवतार आहे. त्याचा धातू ठोकणे, आघात करणे या अर्थाचा. आवाज जितका खोल हवा, तितके कातडे रुंद आणि भांडे मोठे लागते. असे भांडे माणसाला गळ्यात अडकवून चालता येत नाही. म्हणून लहान जोड घोड्यावर, मोठे उंटावर, त्याहून मोठे हत्तीवर. खोल आवाज मिरवणुकीत न्यायचा असेल तर वाहन लागते, ही अडचण आजची नाही.

अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही नगारखान्यातल्या वाद्यांची नोंद केली आहे. त्यात सर्वांत आधी येतो तो कुवर्गा, म्हणजेच दमामा. त्याच्या सुमारे १८ जोड्या होत्या आणि त्याचा आवाज खोल होता, हे अबुल फज़ल आवर्जून सांगतो. त्यानंतर नक्काऱ्याच्या सुमारे २० जोड्या, ४ ढोल, किमान ४ कर्णे, ९ सनया, झांजा. खुद्द अकबर नक्कारा उत्तम वाजवत असे, अशीही त्याची नोंद आहे. या यादीतला 'कर्णा' हा शब्द मराठीने जपून ठेवला. पुढे सभेत लाऊडस्पीकर आला तेव्हा त्याच्या भोंग्याला आपण नवा शब्द शोधत बसलो नाही, सरळ कर्णा म्हणालो.

नगारखान्यात ठरलेल्या वेळांना वाजे ती नौबत. नौबत म्हणजे पाळी. घड्याळ नसलेल्या शहराला वेळ कळायची ती या आवाजावरून. बादशहा आला, गेला, लढाई जिंकली, मुलगा झाला, हे सगळे शहराला आधी नगाऱ्यावरून कळे. 'आता उपाशी राहायची नौबत आली' असे आपण आजही म्हणतो, म्हणजे तशी वेळ आली.

यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. हा आवाज कुणीही करू शकत नव्हता. मोगल अमलात नगाऱ्याचा मान बादशहाकडून मिळावा लागे आणि तो साधारणपणे दोन हजारी किंवा त्याहून वरच्या मनसबदारालाच मिळे. मान मिळाला तरी अट असे. बादशहा हजर असेल तिथे नगारा वाजवायचा नाही आणि त्याच्या मुक्कामापासून ठरावीक अंतराच्या आत वाजवायचा नाही. जहाँगीरने आपल्या आत्मचरित्रात सरहद्दीवरच्या अमीरांना घातलेल्या मनाईची एक यादी दिली आहे. झरोक्यात बसू नये, हत्तींच्या झुंजी लावू नयेत, शिक्षा म्हणून कुणाचे डोळे काढू नयेत, कुणावर धर्म लादू नये, अशा कलमांच्या रांगेत एक कलम असेही आहे की बाहेर पडताना नगारे वाजवू नयेत. राज्याचा मुख्य माणूस एवढ्या गंभीर यादीत ढोलाची गोष्ट घालतो, याचा अर्थ ती निव्वळ करमणुकीची गोष्ट नव्हती.

दख्खनेत आणि मराठेशाहीतही हेच दिसते. रायगडावर राजसदरेसमोरचे नगारखान्याचे प्रवेशद्वार आजही उभे आहे. कोल्हापूरच्या जुन्या राजवाड्याला नगारखाना आहे. सरदारांना निशाण, नगारा, चौघडा यांचे मान दिले जात आणि ते मान घराण्यांनी पिढ्यानपिढ्या मिरवले. लांबूनही छातीत जाणवेल असा आवाज करण्याचा हक्क म्हणजे सत्तेचा हक्क होता. ज्याच्याकडे तो होता, त्याच्यावर वेळेचे आणि अंतराचे बंधनही होते.

माझा भाचा 'छातीत लागला पाहिजे' म्हणाला तेव्हा तो नकळत दोन हजारी मनसब मागत होता.

आवाजाला चाके लागली

नगाऱ्याचा हा मान मोडून काढला तो विजेने. १९१५ च्या डिसेंबरात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत नाताळच्या आदल्या संध्याकाळी हजारोंच्या गर्दीला कर्ण्यातून गाणी ऐकवली. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज आपण ओळखतो तो कागदी शंकूचा आणि तारेच्या वेटोळ्याचा स्पीकर नीट मांडून दाखवला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटलेला शंकू, वेटोळ्यातून वीज गेली की शंकू पुढेमागे हलतो. भाच्याच्या सबवूफरमध्येही तत्त्व हेच आहे, शंभर वर्षांत बदललेले नाही. १९३० साली पॉल गॅल्विन याने मोटारीत बसवायचा रेडिओ काढला आणि त्याचे नाव 'मोटोरोला' ठेवले. आपल्याकडे मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे स्वातंत्र्यलढ्याच्या सभांमध्ये लागले.

पण पिकअप आणि मिरवणूक यांची गाठ पडली ती ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात. डोडो आणि ओस्मार हे दोन मित्र. एकाला रेडिओची दुरुस्ती येत होती, दुसऱ्याला लोखंडकाम. १९५० च्या कार्निव्हलला त्यांनी १९२९ सालची एक जुनी फोर्ड गाडी रंगवली, तिच्यावर कर्णे बसवले आणि स्वतः बनवलेली विजेवरची तंतुवाद्ये वाजवत ते रस्त्यात उतरले. लोक मागे लागले. पुढच्या वर्षी तिसरा साथीदार आला, जुनी फोर्ड गेली आणि तिच्या जागी आली एक पिकअप. तिच्या अंगावर त्यांनी आपल्या तिकडीचे नाव लिहिले, 'ट्रिओ इलेक्ट्रिको'. आज साल्वादोरमध्ये या नावाने ओळखले जातात ते ट्रक चालत्या इमारतींएवढे असतात.

त्याच सुमारास जमैकाच्या किंग्स्टन शहरात 'साउंड सिस्टीम' उभ्या राहत होत्या. गरीब वस्तीतल्या माणसाला हॉटेलातला वाद्यवृंद परवडत नव्हता. मग कुणीतरी ट्रकवर जनरेटर, तबकडी वाजवायचे यंत्र आणि कपाटाएवढ्या स्पीकरच्या पेट्या लादून आणायचा आणि गल्लीतच नाच सुरू व्हायचा. पेट्या स्थानिक सुतार आणि रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर बनवत. त्यांची चढाओढ एकाच गोष्टीची असे, कुणाचा बेस जास्त खोल. साल्वादोर काय, किंग्स्टन काय, दोन्हीकडे हा गुलामगिरीतून बाहेर आलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांचा आवाज होता. ज्यांचे कुणी ऐकत नव्हते त्यांनी राजाचा नगारा घरी बनवला, ही या इतिहासाची सन्मानाची बाजू आहे. ती विसरून नुसते 'गोंगाट, गोंगाट' म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या शेडमधला तो प्लायवूड कापणारा सुतार किंग्स्टनच्या त्या कारागिरांचाच भाऊबंद आहे.

पेटीचे गणित

मोठ्या स्पीकरला 'वूफर' हे नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून पडले आणि बारीक आवाजाच्या स्पीकरला 'ट्वीटर' हे पाखरांच्या चिवचिवाटावरून. सबवूफर म्हणजे भुंकण्याच्याही खालचा आवाज, साधारण २० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातला.

हा पट्टा पकडणे फार अवघड होते. उघडा स्पीकर हवेत धरला तर बेस ऐकूच येत नाही, कारण शंकूच्या पुढची हवा मागच्या हवेला जाऊन मिळते आणि दोन्ही एकमेकींना खोडून काढतात. म्हणून पेटी हवी. पण केवढी? बरीच वर्षे हे अंदाजाने चालले. १९६१ साली ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी भोक असलेल्या पेटीचे गणित मांडले. दहा वर्षांनंतर सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरे केले. स्पीकरचे काही गुण मोजले की त्याला किती लिटरची पेटी लागेल, भोक किती रुंद आणि नळी किती लांब, हे कागदावर काढता येऊ लागले. आज कोणत्याही सबवूफरच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर जे आकडे छापलेले असतात, त्यांना या दोघांचीच नावे आहेत. गावोगावच्या शेडमध्ये 'कस्टम' पेट्या बनू शकतात त्या या गणितामुळे.

त्याच काळात लोकांना या आवाजाची चव लागली. १९७४ साली 'अर्थक्वेक' हा हॉलिवूडचा चित्रपट आला. भूकंपाच्या प्रसंगात थिएटर हलावे म्हणून त्यासाठी 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा मोठमोठ्या सबवूफरसह बसवली होती. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली. हा खोल आवाज कान ऐकतात त्याहून जास्त भिंती ऐकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

मोटारीत मात्र एक वेगळाच पेच होता. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना फार तर १४. एवढ्या व्होल्टवर साध्या ४ ओहमच्या स्पीकरला सरळ अँप जोडला तर वीस-पंचवीस वॅटच्या वर जाता येत नाही, मग अँप कितीही महागाचा असो. उपाय असा की अँपच्या पोटातच आणखी एक यंत्रणा घालायची. ती बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जास्त व्होल्टची करते. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत जिम फॉसगेटसारख्या कारागीर-अभियंत्यांनी मोटारीसाठी दमदार अँप बनवले आणि तो धंदा उभा राहिला. १९८० साली रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र आले. त्याचा खोल, लांबत जाणारा ठोका मायामीच्या पोरांनी उचलला आणि गाडीतल्या सबवूफरसाठीच जणू संगीत तयार होऊ लागले. कॅलिफोर्नियात त्याच दशकात छोट्या जपानी पिकअप स्वस्तात मिळत. तरुणांनी त्या खाली बसवल्या, रंगवल्या आणि सीटच्या मागे पेट्या घातल्या. तक्रारीही लगेच सुरू झाल्या. गाडीतला आवाज ५० फुटांवर ऐकू आला तर गुन्हा, असे कलम कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात आले. जहाँगीरच्या काळातली अंतराची अट फुटांत मोजली गेली, एवढेच.

सीटच्या मागे

शेडमधल्या मालकाने हे सगळे पुस्तकात वाचले नसेल, पण त्याच्या हाताला ते ठाऊक होते. पिकअपला डिकी नसते. एकेरी केबिनच्या सीटमागे वीतभर जागा. त्याने सांगितले की बारा इंची सबवूफरला बंद पेटी केली तरी साधारण तीस लिटर जागा लागते आणि भोकाची केली तर जवळपास दुप्पट. ती इथे बसणार नाही. म्हणून चपट्या बांधणीचा दहा इंची घ्यायचा, बंद पेटीत.

"लहान आहे, लागेल का छातीत?" भाच्याने विचारले.

मालक हसला. "केबिन लहान आहे ना. आवाज जाणार कुठे?"

तो बरोबर बोलत होता. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. पिकअपची केबिन तेवढी नसतेच. लाटेला पसरायला जागा मिळत नाही, तेव्हा सबवूफर पिचकारीच्या दट्ट्यासारखा सगळ्या केबिनमधली हवा दाबतो आणि सोडतो. म्हणून लहान केबिनमध्ये लहान सबवूफरही मोठा वाटतो.

हौद्यातला हिशेब याच्या उलट. तिथे बंद खोली नाही, वर आभाळ. तेवढाच धक्का द्यायला अनेक पट ताकद लागते. एक हजार वॅट काढायचे तर बॅटरीकडून जवळजवळ ९० अँपिअर ओढावे लागतात. गॅरेजवाले ज्याला अजून डायनामो म्हणतात तो आल्टरनेटर एवढा करंट गाण्यासाठी देत बसला तर दिवे पिवळे पडतात आणि बॅटरी बसते. मग जनरेटर आला, लोखंडी सांगाडा आला, आठ-आठ पेट्यांची भिंत आली. सांगाडा गाडीच्या बाहेर आला की मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. मूळ बांधणीत असा बदल चालत नाही.

वायरिंगवाल्या पोराने बोटाएवढी जाड तांब्याची केबल बॅटरीपासून सीटमागे नेली. बॅटरीच्या अगदी जवळ, हातभर अंतराच्या आत फ्यूज लावला. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी वायसर बसवले. "इथे घासली आणि शॉर्ट झाली तर फ्यूज आधी उडाला पाहिजे, नाहीतर गाडी पेटते," तो म्हणाला. सुताराने पेटीच्या सांध्यांतून सिलिकॉन भरले, कारण फट राहिली तर बेस शिट्टी मारतो. शेवटी डॅशबोर्डखाली एक छोटा नॉब बसवला, फक्त बेस कमी-जास्त करायला. सबळ शक्ती आणि तिच्यावर बोटाएवढा लगाम, ही रचना मला आवडली.

डॉल्बी नावाचा गैरसमज

आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे अशा भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. 'डॉल्बीमुक्त मिरवणूक' असे फलकही लागतात. या नावामागचा माणूस रे डॉल्बी. १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा तंत्रसल्लागार म्हणून भारतातच होता. १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. तिचे पहिले काम काय? ध्वनिमुद्रणाच्या फितीवरची खरखर कमी करणे. ज्याने नको असलेला आवाज काढून टाकण्यात नाव मिळवले, त्याच्याच नावाने आपण नको असलेला आवाज ओळखतो.

कायद्याचा कान

ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. कोणताही धर्म दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करायला सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच २००० साली एका चर्चच्या खटल्यात म्हटले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कोणाच्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असे सर्व धर्मांना एकाच मापाने सांगितले.

नियम चांगले आहेत. पण त्यांच्या मापात एक पोकळी आहे आणि सबवूफर नेमका त्या पोकळीतून निसटतो. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाचा कान कोणत्या सुराला किती संवेदनशील असतो, हे मोजले. हळू आवाजात कान खोल सूर कमी ऐकतो, असे त्यांना दिसले. त्यावर बेतून आवाज मोजणाऱ्या यंत्रात 'ए' नावाची गाळणी आली. आपले नियम याच गाळणीतून मोजलेले डेसिबल धरतात. ही गाळणी ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ५० हर्ट्झचा १०० डेसिबलचा ठोका यंत्रावर ७० दिसतो. ती बेतली होती हळू आवाजांसाठी आणि आपण तिने मापतो ती डीजेची भिंत. खिडकीचे तावदान आणि म्हाताऱ्या माणसाची छाती यांना मात्र अशी गाळणी नसते. पोलिसाच्या हातातले यंत्र आणि घरातल्या आजाऱ्याचा अनुभव जुळत नाही, त्याचे एक कारण हे आहे. तक्रार करणाऱ्याची गत नगारखान्यातल्या टिमकीसारखी होते.

इथे मला घरचे सांगावे लागेल. मागच्या ईद-ए-मिलादचा जुलूस आमच्या गल्लीतून गेला. पुढे मुले नात म्हणत होती, मागे हौद्यात भिंत. अम्मी हृदयरोगी आहेत. स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी वाजू लागली तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. भिंतच थरथरत होती म्हणून उठून खोलीच्या मधोमध आल्या. छातीवर हात ठेवून त्या दरूद म्हणत होत्या. बाहेर ज्यांच्या जन्माचा आनंद साजरा होत होता, त्यांचेच नाव त्या घेत होत्या आणि ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हते.

गणपतीत हेच शेजारच्या गल्लीत होते. तिथेही म्हातारी माणसे आहेत. 'त्यांचे चालते, मग आमचे का नाही?' हा प्रश्न आपली तरुण मुले विचारतात आणि तिकडची मुलेही नेमका हाच प्रश्न विचारतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ईदच्या मिरवणुकीतल्या डीजेचा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालय म्हणाले की जे गणेशोत्सवात घातक आहे ते ईदलाही घातकच आहे. यापेक्षा साधे उत्तर नाही. शिवाय आपल्याकडे शहाणपणाची उदाहरणेही आहेत. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस पुढे ढकलला. त्यासाठी कोणत्याही यंत्राने डेसिबल मोजावे लागले नाहीत. सूरह लुकमानमध्ये एक बाप मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतो, तेवढे ठाऊक असणे पुरेसे होते.

नगारा जेव्हा मोजक्या लोकांचा मान होता, तेव्हा त्याला वेळ होती, अंतर होते आणि वाजवणाऱ्याला कुणालातरी जाब द्यावा लागे. विजेने आणि सुतारांनी तो मान सगळ्यांना वाटला, हे चांगलेच झाले. पण वाटपात हक्क तेवढा आला. पाळी, अंतर आणि जाब मागे राहिले. ते आता आपले आपल्याला आणावे लागतील, कारण आज प्रत्येक गल्लीत दोन हजारी मनसबदार आहे.

यातले थोडेफार मी भाच्याला शेडमध्येच सांगितले. त्याने किती ऐकले ठाऊक नाही. जहाँगीरचे नाव काढल्यावर तो मोबाइलमध्ये बघू लागला. पण नानीच्या भांड्यांची गोष्ट त्याने मान वर करून ऐकली. मग मालकाला विचारले, "हौद्याचं राहू दे. आतला कधी मिळेल?"

संध्याकाळी गाडी मिळाली. घरी येईपर्यंत त्याने तीन गाणी वाजवली. खरे सांगतो, पहिला ठोका छातीत लागला तेव्हा मीही हसलो. गल्लीत गाडी थांबली, मी उतरलो, दार लावले. काच बंद, गाणे चालूच. अम्मींच्या खिडकीच्या गजाला सहज हात लावला, तर गज बारीक थरथरत होता.

भाच्याने काचेतून माझा हात पाहिला. मी काही बोललो नाही. त्याने डॅशबोर्डखाली हात घातला आणि नॉब फिरवला.